सातेरीच्या पेटीत राणी दिसत नाही, नवी मागवू का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत परसातल्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेटीत राणी बरेच दिवस दिसली नाही, ऑनलाइन मागवायचा विचार आहे, आणि जमलं तर एकीच्या दोन पेट्याही करायच्यात.

राणी शोधणं सोडा, अंडी शोधा. पोळ्याची फ्रेम उचलली की सातेरीची राणी कोपऱ्यात दडते. मलाही ती क्वचितच दिसते. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन फ्रेम तिरपी धरा. पोळ्यातल्या एखाद्या घराच्या तळाशी दोऱ्याच्या तुकड्यासारखं पांढरं अंडं ताठ उभं असेल तर राणी कालपर्यंत तरी होती. तिसऱ्या दिवशी ते आडवं होतं. एकेका घरात चार-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर कामकरी माश्याच अंडी घालतायत. त्यातून फक्त नर निघतील. अशी पेटी मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दुसऱ्या चांगल्या पेटीला जोडून मोकळे व्हा.

ऑनलाइन राणी बहुधा मेलिफेराची, म्हणजे इटालियन माशीची निघेल. जातच वेगळी, सातेरीत चालत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या पाळणाऱ्याकडून ताजी अंडी असलेली एक फ्रेम आणा. माश्या त्यातूनच राणी घडवतात. मग तीन-चार आठवडे पेटी उचकू नका.

पोळ्याच्या मधोमध एक-दोन राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची मोठी घरं, दिसली तर जुनी राणी बदलायचं काम माश्यांनीच काढलंय, हात लावू नका. खालच्या कडेला ओळीनं लोंबत असतील तर पेटी फुटायच्या, म्हणजे माश्यांचा थवा वेगळा होऊन उडून जायच्या, बेतात आहे, आणि दोन पेट्या करायची वेळ तीच. मात्र पेटीत नर हवेत. महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या जंगलालगतच्या गावात रानातल्या माश्यांचे नर आयते मिळतात, शहरात तसं नाही. पावसाळ्यात तर हा उद्योग नकोच, राणीला मीलनासाठी बाहेर उडताच येत नाही.

जुनी राणी, पिल्लांच्या दोन-तीन फ्रेम आणि मधाची एक नव्या पेटीत घ्या. जुनीत एकच टपोरं राणीघर ठेवा, बाकीची मोडा. ती फ्रेम झटकायची किंवा उलटी करायची नाही. परसात जागा कमी असते, म्हणून जुनी पेटी हातभर डावीकडे सरकवा, नवी हातभर उजवीकडे ठेवा. परतणाऱ्या माश्या दोन्हींत वाटल्या जातात. जिच्यात गर्दी जास्त, ती रोज थोडी लांब सरकवायची. साखरेचा पाक द्यायचा तर संध्याकाळी, पेटीच्या आतच. दिवसा सांडला तर शेजारपाजारच्या माश्या येऊन दुबळी पेटी लुटतात.