ब्लॉगच्या भरवशावर नोकरी सोडू का?

प्रश्न : मी इंदूरला राजेंद्रनगरमधे राहते, वय ३४, एका खासगी शाळेत शिकवते, पगार २४ हजार. तीन वर्षं झाली मराठीत ब्लॉग लिहितेय, आपल्या इंदुरी मराठी घरांतल्या खाण्यावर, म्हणजे गराडू (थंडीत तळून खातात तो कंद), भुट्ट्याचा कीस, शिवाय गणपती-दिवाळीचं सगळं. महिन्याला २० हजारांच्या आसपास व्ह्यूज येतात आणि अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरातींच्या, खात्यात हजारेक रुपये दिसतात. मिस्टर म्हणतात शाळा सोड, पूर्ण वेळ दिलास की आपोआप वाढेल. सासूबाई म्हणतात लागलेली नोकरी सोडायची नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, सध्या तरी सासूबाईंचं ऐका.

तुमचेच आकडे घेऊ. २० हजार व्ह्यूजचे हजार रुपये, म्हणजे हजार व्ह्यूजला ५० रुपये झाले, मग नुसत्या जाहिरातींवर २४ हजारांचा पगार काढायचा तर महिन्याला ४ लाख ८० हजार व्ह्यूज लागतील, आजच्या चोवीसपट! शाळा सोडून तुम्ही लिहायला दुप्पट, फार तर तिप्पट वेळ काढाल, पण वाचक काही त्या हिशोबाने चोवीसपट होत नाहीत. आणि खात्यात दिसतात ते पैसे लगेच हातात पडतात असंही नाही, १०० डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे पाठवतच नाही, म्हणजे तुमच्या वेगाने आठ-नऊ महिन्यांतून एकदा बँकेत काहीतरी येणार. दुधवाल्याला काय सांगाल?

यात तुमच्या लिखाणाचा काही दोष नाही हो. जाहिरातवाला पैसे मोजतो ते वाचणारा कुठे बसलाय आणि काय विकत घ्यायच्या बेतात आहे ते बघून. तीच रेसिपी इंग्रजीत असेल आणि अमेरिकेतली बाई वाचत असेल तर भाव वेगळा, कर्ज-विम्यावरच्या लेखाचा त्याहून वेगळा, आणि साबुदाण्याची खिचडी मराठीत वाचणाऱ्याचा सगळ्यात कमी. त्यात सीझन. दिवाळीच्या आसपास जाहिरातींचे दर चढतात आणि जानेवारीत धपकन खाली येतात, आणि तुमचा गराडू तर थंडी सरली की कोणी शोधतच नाही.

अजून एक गोष्ट मिस्टरांना दाखवा. ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडेही गूगल काही प्रश्नांची एआयने तयार केलेली उत्तरं पानाच्या वरतीच देतंय, सुरुवात इंग्रजी आणि हिंदीपासून झाली. आता उकड का फाटते एवढंच कोणाला हवं असेल तर ते वरच्या वर वाचून माणूस निघून जातो, तुमच्या पानावर येतो कशाला? पूर्ण कृती, फोटो, आजीने सांगितलेली खूण यासाठी येईल तो येईल. म्हणजे सगळा डोलारा गूगलकडून येणाऱ्या गर्दीवर उभा, आणि त्या गर्दीवर आपला काही ताबा नाही. ‘ब्लॉगमधून महिन्याला लाख कमवा’ असे कोर्स विकणारे बघाल तर त्यांची बरीचशी कमाई कोर्समधूनच असते, त्यामुळे त्यांचे स्क्रीनशॉट बघून घरात वाद घालू नका.

मग ब्लॉगवर पूर्ण वेळ जगणारे नसतातच का? असतात, पण त्यातले बरेच जण जाहिरातीवर जगत नाहीत, ब्लॉग ही त्यांची दुकानाची पाटी असते आणि गल्ला आत भरतो. तुमच्याकडे ते आत काय असू शकतं ते बघा, मला तर ते फराळात दिसतंय. इंदूरच्या मराठी घरांतली पोरं पुण्या-बंगलोरला नोकरीला आहेत, त्यांना इथल्या चवीचा चिवडा पाठवणारं कोणीतरी हवंच असतं (घरून विकलं तरी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते, ती आधी करा). किंवा सुट्टीत ऑनलाइन पुरणपोळीचा क्लास घ्या, नाहीतर हिंदी-मराठी दोन्ही येतं तर दुसऱ्यांचं लेखन-भाषांतर करा. दिवाळीत १२०० रुपयांचे वीस डबे गेले तर २४ हजारांचा धंदा होतो, सामान-कुरियर वजा जाऊन हातात बरंच कमी राहील, तरी अ‍ॅडसेन्सच्या वर्षभराच्या १२ हजारांशी ताडून बघा. आणि वाचकांचे व्हॉट्सअ‍ॅप नंबर, अर्थात विचारूनच, आत्तापासून जमवायला लागा, ती यादी तुमची स्वतःची राहते.

उन्हाळ्याची सुट्टी आहेच की तुम्हाला, पूर्ण वेळ कसा असतो ते त्यात अनुभवून बघा. गणपती-दिवाळीचे लेख तेव्हाच लिहून टाका कारण नवीन पान गूगलवर वर यायला वेळ लागतो, ऐन चतुर्थीला टाकलेली मोदकाची कृती त्या वर्षी वाया जाते. जाहिराती सोडून बाकीच्या कामातून सलग वर्षभर पगाराएवढे पैसे, तेही खर्च वजा जाऊन, आले आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की मग राजीनाम्याचं बोला. शाळेत पीएफ कापत असतील तर तोही हिशोबात धरा, तो पगाराच्या २४ हजारांत दिसत नाही.

आणि पूर्ण वेळ देऊन वाढेल असं मिस्टरांना खरंच वाटत असेल तर तोपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलं असतील तर त्यांचा अभ्यास त्यांच्याकडे द्या, रोजचे दोन तास तर लगेच मिळतील.