कलमं नंतर, आधी कागद

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

वकील व्हायचंय, तर दहावीपासूनच कोणती कलमं पाठ करू, असं विचारलंयस. एकही नको. आम्हा सगळ्यांच्या जिभेवर बसलेलं खुनाचं ‘तीनशे दोन’ 1 जुलै 2024 ला न्याय संहितेत ‘एकशे तीन’ झालं. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम, म्हणजे आता दोन्ही लक्षात ठेवायची.

त्यापेक्षा कागद वाचायला शीक. परवा एक ताई हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, घेऊन आल्या. वडिलांच्या तेराव्यानंतर भावानं ‘वारसनोंदीची सही’ म्हणून रजिस्टर कचेरीत नेलं होतं. कागदावर लिहिलेलं, ‘राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय’. खाली त्यांची सही, शेजारी अंगठा आणि फोटो. ताईंना वाचता येतं गं, पण वाचायला कुणी दिलंच नाही आणि मागायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना आपल्या राज्यानं 1994 मध्ये (तेव्हा लग्न न झालेल्यांना) आणि देशानं 2005 मध्ये मुलाइतका हक्क दिला. तो असा एका सहीत जातो, हे बघून पोटात तुटतं. आता दावा लावलाय. किती वर्षं चालेल, देव जाणे.

म्हणून आज घरचा सातबारा माग. वहिवाट, बोजा, इतर हक्क, अडेल तो शब्द वहीत उतर आणि आजोबांना विचार. जमीन नसेल तर भाड्याचा करारनामा घे.

मग आमच्या तालुका कोर्टात ये. एरवी खटले उघड चालतात. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर कुणीही बसावं. उलटतपास नीट ऐक. सिनेमातली आरडाओरड तिथे नसते. समोरच्या बाजूचा वकील हळूच विचारतो, साक्षीदार मान हलवून ‘नाही’ म्हणतो, आणि कागदावर उमटतं, ‘हे म्हणणे खरे नाही की...’ प्रश्न आणि उत्तर असं एकाच वाक्यात बांधलं जातं. पुढे युक्तिवादात त्या वाक्यातल्या एकेका शब्दावर भांडण होतं. मराठीचा पेपर गांभीर्यानं घे म्हणतो ते त्यासाठीच.

प्रवेशाची घाई नको. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी कुठल्याही शाखेची चालते. प्रवेश परीक्षा दोन: राज्यातल्या कॉलेजांना सीईटी, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांना क्लॅट.

मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी असते. म्हणून परीक्षा झाली की एप्रिलमध्येच ये, अकराच्या आत. वही आण.

तुझा,
वकीलकाका