हँडिकॅप 2 आहे, मग लगेच प्रो व्हायचं का?

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. गोल्फमध्ये त्याचा हँडिकॅप 2 आहे. शाळा संपली की कॉलेजला न जाता थेट व्यावसायिक गोल्फर व्हायचं, असा त्याचा हट्ट आहे. आम्ही नाही म्हटलं की घरात अबोला. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, हँडिकॅप म्हणजे खेळाडू पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण किती फटके जास्त घेतो, याचा अंदाज; आकडा लहान, तितका खेळ चांगला. या वयात हँडिकॅप 2 मेहनतीशिवाय येत नाही. त्याचं हे कौतुक आधी मोकळेपणानं करा, मग पुढचं बोला.

आता तो आकडा निघतो कसा, ते पाहा. शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या 8 धरून हँडिकॅप काढतात. उरलेल्या 12 गळतात. व्यावसायिक स्पर्धेत काहीच गळत नाही. साधारणपणे चार दिवसांत 72 होल, आणि 36 नंतर कट, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर. कट हुकला की बहुतेक ठिकाणी हातात काही पडत नाही. प्रवास, मुक्काम, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) यांचा खर्च मात्र झालेला असतो. गोल्फरला पगार नसतो, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात घ्यावं. शिवाय मोठ्या टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतले) खेळाडू शून्याच्याही पलीकडे, प्लस चार-पाचच्या घरात, म्हणजे पारपेक्षाही कमी फटक्यांत खेळतात.

अमेरिकन गोल्फर बेन होगन 17व्या वर्षीच प्रो झाला. टूरवरची पहिली वैयक्तिक स्पर्धा त्यानं जिंकली ती 1940 मध्ये, दहा वर्षांनी. मधल्या काळात तो कफल्लक झाला होता. पुढे नऊ मेजर (गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या, हे खरं. पण त्याची गोष्ट मुलाला सांगाल तेव्हा ती दहा वर्षंही सांगा. अमेरिकेच्याच बॉबी जोन्सनं तर 1930 मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याही हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणारा, राहूनच. व्यवसायानं तो वकील होता.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : खेळ सोडू नका, हौशी दर्जाही इतक्यात सोडू नका. प्रो म्हणून स्पर्धेत उतरलं किंवा शिकवण्याचे पैसे घेतले की तो दर्जा जातो. परत मिळवता येतो, पण अर्ज करून थांबावं लागतं. गोल्फचा संघ असलेलं कॉलेज शोधा. अभ्यास आणि स्पर्धा दोन्ही होतील. अनोळखी कोर्सवर, वाऱ्यापावसात, मोठ्या हौशी स्पर्धांत तो सातत्यानं पारच्या खाली खेळून वरच्या नावांत येऊ लागला, तर टूरच्या क्वालिफायिंग स्कूलला (टूरवर प्रवेश देणाऱ्या पात्रता स्पर्धांना) बसू द्या. अनेक टूर तिथे हौशी खेळाडूंनाही घेतात, म्हणजे प्रो न होताच पाणी जोखता येतं.

प्रशिक्षण, क्लब फिटिंग (खेळाडूला साजेशा स्टिक जुळवून देणं), कोर्सची देखभाल हीसुद्धा याच खेळातली चांगली करिअर आहेत. प्रशिक्षक होणं म्हणजे हरणं, असं त्याच्या मनात भरवू नका.

या आठवड्यात त्यालाच टूरवरच्या एका वर्षाच्या खर्चाचा तक्ता करायला सांगा. मग तुम्ही किती वर्षं आणि किती रक्कम देऊ शकता, ते त्याच्यासमोर कागदावर लिहा.