४८० की ४००? मिनी-डीव्ही कॅमेऱ्यासाठी फायरवायरच का

मिनी-डीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ) कॅसेटींवरचे जुने घरगुती चित्रण संगणकावर घ्यायचे आहे, कॅमेऱ्याला यूएसबी २.० आणि फायरवायर (उपकरणे केबलने जोडण्याचे यूएसबीसारखेच दुसरे मानक) अशी दोन्ही पोर्ट आहेत, आणि सेकंदाला ४८० मेगाबिटचे यूएसबी हाताशी असताना ४०० मेगाबिटच्या फायरवायरसाठी वेगळे कार्ड का घ्यावे, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. खोक्यावरचे आकडे वाचून मीही एकदा असाच फसलो होतो.

डीव्ही चित्रणाला आवाजासकट सेकंदाला जेमतेम ३० मेगाबिट लागतात, म्हणजे वेग दोन्हीकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. अडचण नियमितपणाची आहे. कॅसेट फिरत असते, ती संगणकासाठी थांबत नाही, त्यामुळे एखादी चौकट (फ्रेम) वेळेत उचलली गेली नाही तर ती गळते. यूएसबी २.० मध्ये संगणकाने विचारल्याशिवाय उपकरणाला बोलता येत नाही. फायरवायरवर दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात आणि चित्रणासाठी ठरावीक काळाने जागा राखून ठेवलेली असते. अशी राखीव सोय यूएसबीतही आहे, पण बहुतेक कॅमेरा-उत्पादकांनी ते पोर्ट मेमरी कार्डावरची छायाचित्रे उतरवण्यापुरते किंवा हलक्या प्रतीच्या थेट चित्रासाठी दिले. कॅसेटवरचे मूळ चित्रण जसेच्या तसे फायरवायरवरूनच बाहेर येते. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्याचेच नाव आय-लिंक आहे.

मग इतके चांगले मानक मागे का पडले? १९९५ मध्ये ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे १३९४ क्रमांकाचे मानक म्हणून मान्य झाले, पण प्रत्येक उपकरणात स्वतंत्र हुशारी हवी असल्याने ते महाग पडे, आणि त्यात अ‍ॅपलने सुरुवातीला दर पोर्टमागे एक डॉलर परवाना शुल्क मागितले. १९९९ मध्ये ते दर उपकरणामागे २५ सेंटवर आले खरे, पण तोवर माऊस आणि कीबोर्डाच्या निमित्ताने यूएसबी घरोघरी पोचले होते. २००० मध्ये यूएसबी २.० आले आणि फायरवायरचा वेगाचा मुद्दाही, निदान कागदावर, संपला. अ‍ॅपलचा गाणी ऐकण्याचा २००१ चा पहिला आयपॉड केवळ फायरवायरवर चालत असे. २००५ च्या आयपॉडमध्ये त्यावरून गाणी भरण्याची सोयच उरली नाही.

आपल्याकडे डेस्कटॉप असेल तर संगणकाच्या आतल्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारे फायरवायर कार्ड घ्यावे, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचे, आणि सोबत कॅमेऱ्याकडे चार व कार्डाकडे सहा पिन असलेली केबल. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली स्वस्त केबल मात्र घेऊ नये. तिच्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, आणि ही दोन मानके एकमेकांची भाषा जाणत नसल्याने तिच्यातून काहीही येत नाही. माझ्या खणात अशी एक अजून पडून आहे.

तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो आणि सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. केबल जोडताना कॅमेरा व संगणक दोन्ही बंद ठेवावेत, कारण सहा पिनांच्या पोर्टमधून वीजही येते आणि प्लग चुकून उलटा बसला तर कॅमेऱ्याचे पोर्ट जळू शकते.