विलोपनानंतर भीती परत का येते?

प्रश्न : आवाज झाला की अन्न मिळते, हे शिकलेल्या कुत्र्याला पुढे अन्न न देता नुसताच आवाज ऐकवत राहिले, तर त्याची लाळ सुटणे हळूहळू थांबते आणि याला विलोपन म्हणतात, असे वाचले. मग मूळचे शिकणे पुसले गेले, असे समजायचे का? तसे असेल तर अशाच रीतीने विलोपनाने गेलेली भीती पुन्हा कशी उद्भवते?

उत्तर : ते पुसले जात नाही, आणि याचा पुरावा अभिजात अभिसंधानाचा, म्हणजे दोन गोष्टी वारंवार पाठोपाठ आल्याने एकीवरून दुसरीची अपेक्षा करायला शिकण्याच्या अभ्यासाचा, पाया घालणाऱ्या इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतच मिळाला होता. तेथे लहानशी शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या लाळग्रंथीची नलिका गालाबाहेर काढलेली असे, त्यामुळे लाळेचे थेंब मोजता येत. (घंटेची गोष्ट सर्वतोमुखी झाली असली, तरी पाव्हलॉव्ह पुष्कळदा मेट्रोनोम हे ताल दाखवणारे टिकटिकणारे यंत्र वापरत.) अन्न न देता मेट्रोनोम वारंवार ऐकवला, की थेंब घटत घटत थांबत; पण मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा तोच आवाज ऐकवला, तर पूर्वीइतके नसले तरी थेंब पुन्हा पडू लागत. याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. विलोपन चालू असताना एखादा अनपेक्षित आवाज झाला, तरीही आटलेली लाळ परत सुटे. जे नष्टच झाले ते असे क्षणात परतणार नाही. म्हणून पाव्हलॉव्ह यांनी विलोपनाला नाश न मानता अवरोध, म्हणजे शिकलेले दाबून धरणे, मानले.

भीतीच्या बाबतीत मला अधिक बोलका वाटतो तो मार्क बूटन आणि रॉबर्ट बोल्स या मानसशास्त्रज्ञांचा १९७९ मधील अभ्यास. एका पेटीत विशिष्ट संकेतानंतर विजेचा झटका बसतो, हे शिकलेल्या उंदरांना दुसऱ्या पेटीत झटक्याविना तोच संकेत देत राहिल्यावर त्यांची भीती ओसरली; मात्र पहिल्या पेटीत परत नेताच ती पुन्हा दिसू लागली. म्हणजे ‘संकेत धोक्याचा आहे’ हे शिकणे शाबूत होते. त्यावर ‘येथे तो धोक्याचा नाही’ एवढेच नवे शिकणे चढले होते, आणि ते त्या जागेशी बांधलेले होते.

उपचारकक्षात कुत्र्याशेजारी निर्धास्त बसू लागलेली व्यक्ती रस्त्यावर तोच कुत्रा दिसताच दचकते, ती याच कारणाने. त्यामुळे भयगंडावरील उपचारात भीतीच्या वस्तूला सामोरे जाण्याचा सराव एकाच खोलीत न करता निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या वेळी करून घेणे हितावह ठरते.