अलर्ट कुठे, ब्लॉक कुठे?

प्रश्न : अंधेरीच्या एका कंपनीत मी डेव्हऑप्स, म्हणजे सॉफ्टवेअर बनवून चालू ठेवण्याचं काम, बघते. कंटेनर इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणाऱ्या फाइल्सचा तयार गठ्ठा) सुरक्षेच्या त्रुटींसाठी तपासणारा स्कॅनर बसवल्यावर साहेबांनी ‘हाय’ आणि ‘क्रिटिकल’, दोन्ही दर्जांच्या त्रुटी ब्लॉक करायला लावलं. लगेच रिलीज अडकले, डेव्हलपर अंगावर आले. म्हणून सगळं अलर्टवर टाकलं, तर आता ते मेल कोणी उघडतसुद्धा नाही. रेषा नेमकी कुठे आखू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अडकलेल्या सीव्हीईंपैकी (सीव्हीई म्हणजे क्रमांक देऊन जाहीर झालेली सुरक्षेची त्रुटी) पॅच, म्हणजे दुरुस्ती, किती जणींवर आला होता, हे आधी साहेबांना दाखवा. डेबियन या लिनक्सच्या इमेजमध्ये अशा कितीतरी नोंदी निघतात, ज्यांवर खुद्द डेबियननेच अजून दुरुस्ती दिलेली नसते. तिथे बिल्ड, म्हणजे इमेज बनवण्याची पायरी, अडवून डेव्हलपरने करायचं काय, कपाळाला हात लावायचा? ‘फिक्स असेल तरच’ ही अट पहिली लावा. ट्रिव्हीसारख्या स्कॅनरमध्ये तशी सोय असते.

मग ब्लॉक क्रिटिकलवर, म्हणजे सीव्हीएसएस (त्रुटीच्या गांभीर्याचे दहापैकी गुण) ९.० पासून वर. अलर्ट हायवर, ७.० पासून. मीडियम महिन्याच्या अहवालात जाऊ दे. नव्या क्रिटिकलला मी सात दिवसांची मुदत देतो. पण अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी संस्थेच्या केईव्ही यादीत, म्हणजे प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्यांत, ती असेल तर मुदत नाही, मग गुण ७.५ का असेनात. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरशेल, जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीतली ती त्रुटी, आठवा. तिथे सात दिवस कोण थांबणार?

ब्लॉक बिल्डमध्येच ठेवा. कुबरनेटीसच्या, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेच्या, दारावर, अ‍ॅडमिशन कंट्रोलरमध्ये, तोच कडक नियम लावलात तर गंमत बघा : रात्री एखादा नोड (सर्व्हर) पडतो, त्यावरचा पॉड (चालू कंटेनरचा संच) दुसरीकडे उभा राहायला जातो आणि काल बिनबोभाट चाललेली तीच इमेज आज नाकारली जाते, कारण संध्याकाळी तिच्यात नवी सीव्हीई जाहीर झालेली असते. सेवा बंद, तीही सुरक्षेच्या कृपेने! दारावर फक्त स्कॅन न झालेल्या आणि परक्या रजिस्ट्रीतून (इमेजच्या कोठारातून) आलेल्या इमेज अडवा. बाकीच्यांना अलर्ट पुरे.

मेल बंदच करा. अलर्टचं, ‘जिरा’ या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधलं, तिकीट त्या त्या टीमच्या नावावर पडू दे. अपवाद मागितला तर कारण आणि शेवटची तारीख घेतल्याशिवाय देऊ नका. ‘नंतर बघू’ हे कारण नव्हे. आणि नवा नियम दोन आठवडे नुसता अलर्टवर चालवून, ब्लॉक असता तर कोणाचं काय अडकलं असतं ती यादी काढा. साहेबांशी बोलायला जाताना तीच हातात असू दे.