‘हेड अबव्ह वॉटर’ म्हणजे बरं चाललंय का?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं वर्कशॉप आहे. परदेशातल्या एका ग्राहकाने मेलवर धंद्याची चौकशी केली. सगळं छान चाललंय, या अर्थाने मी लिहिलं, ‘वी आर कीपिंग अवर हेड अबव्ह द वॉटर.’ त्यांचं उत्तर आलं, ‘सॉरी टु हिअर दॅट.’ माझं चुकलं कुठे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्राहकाने अर्थ बरोबर लावला. या वाक्प्रचारातला माणूस बुडालेला नाही, पण आरामात पोहतही नाही. नाकातोंडात पाणी जाऊ नये एवढीच त्याची धडपड. गाळ्याचं भाडं, कामगारांचे पगार, हप्ते कसेबसे निघतात आणि हाती काही उरत नाही, अशा वेळी हे म्हणतात. आपण म्हणू, ‘तग धरून आहोत.’ ‘पाणी डोक्यावरून गेलं’ हे मात्र याचं उलट रूप समजू नका. ते आपण सहनशक्ती संपल्यावर म्हणतो.

वाक्यातही दोन चुका आहेत. ‘वॉटर’आधी ‘द’ नको. तो लावला की खरोखरच्या पाण्याबद्दल बोलताय असं वाटतं. आणि कर्ता ‘वी’, म्हणून ‘हेड्स’. एकट्याबद्दल सांगताना ‘माय हेड’, तिच्याबद्दल ‘हर हेड’. सोबत बहुधा ‘जस्ट अबाउट’, ‘बेअरली’ किंवा ‘स्ट्रगलिंग टु’ येतं : ‘विथ टू ऑर्डर्स कॅन्सल्ड, वी आर बेअरली कीपिंग अवर हेड्स अबव्ह वॉटर.’

‘मेक एंड्स मीट’ जवळचा, पण तो पैशाच्या तोंडमिळवणीपुरताच. ‘हेड अबव्ह वॉटर’ कामाच्या ढिगाला किंवा परीक्षेच्या अभ्यासालाही चालतो. ‘इन ओव्हर माय हेड’ वेगळा : न झेपणारं काम अंगावर घेतलंय.

गप्पांत ‘हेड अबव्ह वॉटर’ खुशाल वापरा. कर्जाच्या अर्जात किंवा टेंडरसोबतच्या पत्रात मुळीच नको; वाचणाऱ्याला तुमची कंपनी डबघाईला आल्यासारखी वाटेल. तिथे सरळ ‘वी पे अवर इन्स्टॉलमेंट्स ऑन टाइम’ लिहावं. धंदा ठीक असेल तर ‘बिझनेस इज स्टेडी’, चांगला असेल तर ‘वी आर डूइंग वेल’. या ग्राहकाला आजच कळवा : ‘बिझनेस इज फाइन. आय यूज्ड द राँग फ्रेज.’ नाहीतर पुढच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स द्यायला तो कचरेल.